फोटोतल्या शिपायाचं पान

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर नाशिकला या, इंदिरानगरात आमच्या साडूंचं घर दाखवतो. फक्त येताना जेवून या.

भयकथा म्हटली की रात्र लागते, वारा लागतो, कुत्री रडावी लागतात. इथे त्यातलं काही नाही. मागच्या वर्षीचा पितृपक्ष, सर्वपित्रीचा आदला दिवस, भर दुपार. खाली भाजीवाला ओरडत होता. लिफ्टसुद्धा चालू होती.

आमचे साडू ढुंढिराज सरकारी भांडारातून निवृत्त झाले. नोकरीत पाइप आणि नटबोल्ट ओळखले, निवृत्तीनंतर शिपाई ओळखायला लागले. म्हणजे जुन्या इंग्रजी फौजेतले, फोटोतले. कुणी आजोबांचा फोटो आणावा, यांनी भिंग लावावं. बटण, पट्टा, पाण्याची बाटली पाहून साल सांगावं. चेहऱ्याकडे ते बघत नसत.

"चेहरा हा काही पुरावा नाही," म्हणायचे.

लोकांना आजोबा सुभेदार हवे असत. ढुंढिराज त्यांना खानसामा करून परत पाठवत.

त्या दुपारी देवळ्याहून नवनाथ आणि त्याची बायको उज्वला आली. नवनाथ कांद्याचा व्यापारी. त्याचे पणजोबा बारकूबाबा पहिल्या महायुद्धात गेले ते गेलेच. त्यांचं गावात मोठं बॅनर लावायचं होतं.

"सुभेदार तरी असतील ना, काका?" नवनाथने फ्रेम पिशवीतून काढत विचारलं.

"बघू. पट्टे काय म्हणतात ते बघू."

ढुंढिराजांच्या पत्नी श्यामलाताईंनी चहा आणला. फ्रेमच्या काचेवर कुंकवाचे थर होते.

"दर सर्वपित्रीला पयलं पान याच्याफुडं ठेवतो," उज्वला म्हणाली. "पणजेसासूनं सुरू केलं. उद्या हायच, म्हणून फोटो आजच परत न्यायचाय."

ढुंढिराजांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसला. हा माणूस चष्मा पुसायला लागला की कुणाच्या तरी घराण्याचं काही खरं नसे.

"हे बारकूबाबा नाहीत."

नवनाथ फ्रेमवर वाकला.

"छातीवर हे दोन चौकोनी पाऊच दिसतात? जाड कॅनव्हासचे? हे दुसऱ्या महायुद्धातले. तुमचे बाबा गेले तेव्हा शिपाई चामड्याचे पट्टे लावायचे. आणि हा पोरगा विशी-बाविशीचा. तुमचे बाबा तोवर चाळिशी ओलांडून गेले असते."

"पण पणजेसासूनं हाच आणला," उज्वला म्हणाली. "लष्कराच्या कॅम्पातल्या फोटोवाल्याकडून. म्हणाली, हेच तुमचे बाबा."

"त्यांनी नवऱ्याला पाहिलं होतं किती?"

"लगीन झालं, पोर पोटात व्हतं आन् बाबा गेले."

ढुंढिराजांनी हात पसरले. घरात नवऱ्याचा फोटो हवा, म्हणून त्या बाईने दुकानात पडून राहिलेला एक शिपाई उचलून आणला होता.

"मंग आम्ही इतकी वर्षं जेवू घातलं कुणाला?"

"ज्याचा फोटो त्याला," ढुंढिराज म्हणाले.

"आन् बॅनर?" नवनाथने विचारलं.

उज्वला फ्रेमकडे बघत बसली होती. मग तिने पदर घेतला आणि हात जोडले.

"बाबा, चुकी आमची. पण आता आमचं पान तुमचं नाय."

ती ढुंढिराजांकडे वळली. "काका, आपला नाय म्हटल्यावर घरी कसा न्यायचा?"

"राहू द्या इथेच," ढुंढिराज हसून म्हणाले. "आम्ही दोघंच असतो. एक पान काही जड नाही."

श्यामलाताईंनी कप उचलता उचलता त्यांच्याकडे पाहिलं.

थट्टा होती ती. त्यांच्या अशा थट्टा आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. एकही इतकी महागात पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. ढुंढिराजांनी गॅलरीत काकबळी ठेवला. एरवी वडे तळायच्या आधीच कठड्यावर कावळ्यांची सभा भरलेली असते.

त्या दिवशी एकही आला नाही.

समोरच्या इमारतीवर बसले होते. इकडे बघत होते. पण आले नाहीत.

दोघं जेवायला बसले. आणि हॉलमधून आवाज आला...

टण... टण...

मग खरवडल्याचा. कुणीतरी चमच्याने डब्याचा तळ खरवडत होतं.

"काय वाजलं?" श्यामलाताईंनी विचारलं.

ढुंढिराजांचा घास हातातच राहिला. त्यांना कळलं होतं काय वाजलं ते. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. शिपायाचा जेवणाचा डबा. आणि त्यांच्या घरात अ‍ॅल्युमिनियमचं एकही भांडं नव्हतं.

ते उठून हॉलमध्ये गेले.

कुणी नव्हतं. फ्रेम टेबलावर होती. खुर्ची मात्र टेबलापासून थोडी मागे सरकलेली... माणूस बसायला सरकवतो तेवढी.

परत येऊन ते जेवले. वड्यांवर वडे खाल्ले. हात धुतला तेव्हा लक्षात आलं.

पोटात काही पडलंच नव्हतं.

"मला भूक लागलीये," ते म्हणाले.

"आत्ता तर जेवलात." श्यामलाताई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलापण."

तेव्हापासून हे असं आहे. दोघं जेवतात. अन्नाला चव आहे, घास गिळला जातो. पण पोट भरत नाही. आधी विनोद झाले. श्यामलाताई म्हणायच्या, "तुमचं पोट कधी भरलंय?" मग त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत मागे जायला लागल्या, आणि विनोद थांबले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. टॉनिक दिलं, चांगलं जेवत जा म्हणाले.

रोज दुपारी, पानं वाढली की हॉलमधून तोच आवाज.

टण... टण...

ढुंढिराज रामकुंडावर सोमनाथ गुरुजींकडे गेले. गुरुजींनी दर्भ हातात घेऊन विचारलं, "गोत्र?"

"माहीत नाही."

"नाव?"

"नाही."

"धर्म तरी?"

"टोपी सगळ्यांना सारखीच द्यायचे, गुरुजी."

"अहो, मग माहीत काय आहे तुम्हाला?"

ढुंढिराजांनी विचार केला. "पाण्याच्या बाटलीला बूच कसलं होतं ते."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. "हे बघा, वाटेवरच्या अनोळख्याला तिलांजली देऊन निरोप देता येतो. हा वाटेवरचा नाही. घरधन्याने बसवलेला आहे. तुम्हीच म्हणालात ना, राहू द्या?"

"थट्टेत म्हणालो हो."

"भुकेल्याला थट्टा कळत नाही."

विधी केला, तरी काही झालं नाही. ढुंढिराजांनी फोटो जाणकारांच्या ग्रुपवर टाकला. नाव कळलं तर वारस सापडतील, त्यांच्या हवाली करता येईल, एवढीच आशा होती. खांद्यावर पलटणीचं नाव असतं, पण नेमकं तिथेच अंधार होता. ग्रुपवर बकल पितळी की रंगवलेलं यावर भांडण पेटलं. दोघं ग्रुप सोडून गेले. हा पोरगा कोण असेल, असं एकानेही विचारलं नाही.

शेवटी ढुंढिराज फ्रेम घेऊन देवळ्याला गेले.

उज्वलाने त्यांना ओळखलं नाही. इतके वाळले होते. मग तिने फ्रेम हातात घेतली आणि एकदम खाली ठेवली.

"काय झालं?"

"काका, हा भरलाय."

"म्हणजे?"

"आमच्याकडं होता तवा गाल बसलेले होते याचे. मी दर साली कुंकू लावलंय. मला ठाव नाय का?"

ढुंढिराजांनी भिंग काढलं. गाल त्यांना आठवत नव्हते. पण पट्टा आठवत होता. पहिल्या दिवशी पोटावर सैल होता, खाली घसरलेला. आता तो...

ताठ बसला होता. वर पोट आलं होतं.

उज्वलाने तरीही पान वाढलं. फ्रेमपुढे ठेवलं, हात जोडले, म्हणाली, "बाबा, या परत. आमचं चुकलं." भली बाई. सगळे वाट बघत बसले.

ढुंढिराजांचा फोन वाजला. श्यामलाताई होत्या. आवाज अगदी बारीक.

"तुम्ही फोटो नेलात ना?"

"हो. समोरच आहे."

"मग..."

"काय?"

"हॉलमध्ये कोण जेवतंय?"

फ्रेम ते देवळ्यालाच ठेवून आले. ठेवली काय, आणली काय, सारखंच.

आता ते तिसरं पान वाढतात. आधी त्याचं, मग स्वतःचं. श्यामलाताईंनीच सुचवलं. म्हणाल्या, "त्याचं पोट भरू दे. मग आपल्याला काही उरेल." पानातलं अन्न हलत नाही. संध्याकाळी ते टाकून द्यावं लागतं. कुत्रीसुद्धा तोंड लावत नाहीत.

आणि त्याचं पोट भरत नाही.

परवाची गोष्ट. श्यामलाताईंना आता उभं राहवत नाही, त्या खुर्चीत बसून वाढत होत्या. तीन पानं झाली. हॉलमधून आवाज सुरू झाला. टण... टण... त्याची आता सवय झाली आहे.

मग तो थांबला.

आणि मग दुसरा आला...

ठक... ठक... जाड पत्र्याचा. जुना, बारकूबाबांच्या काळातला.

दोन्ही एकदम वाजायला लागले.

ढुंढिराज भिंत धरत हॉलपर्यंत गेले. उभे राहिले. दोन खुर्च्या मागे सरकल्या होत्या. बाकी काही नव्हतं. ते तसेच परत आले.

"किती आहेत?" श्यामलाताईंनी विचारलं.

"दिसत तर कुणीच नाही."

"मी किती विचारलं."

ढुंढिराजांनी दोन बोटं वर केली. श्यामलाताईंनी पातेलं तिरकं करून आत पाहिलं. भात संपला होता. त्यांनी चौथं ताट ओढलं, स्वतःच्या पानातला भात त्यात काढला, वर वरण घातलं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं.

"गरम आहे तोवर नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या.