सड्यावरचा घसा

सड्यावर मी फुलं बघायला गेले नव्हते. डॉक्टर राजवर्धन इंगवले या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं, एवढ्यासाठीच मी ती मोहीम काढली होती. हे आधीच सांगून टाकते.

मी दीपा मगदूम. माहेर कोडोलीचं, नोकरी गारगोटीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका हायस्कुलात. नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेच्या मागं बारमाही झरा आहे; अख्खं गाव त्याचं पाणी पितं. वरच्या धनगरवाड्यातले आकाराम झोरे, म्हणजे आमचे आकाराममामा, सांगायचे की हे पाणी सड्यावरनं येतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. तिथं एक खोल भोक आहे आणि सगळा ओढा त्यात गडप होतो. धनगर त्याला ‘घसा’ म्हणतात. मामांच्या आज्ज्यानं एकदा त्या घशात पोतंभर नाचणीचं तूस ओतलं होतं. तिसऱ्या दिवशी ते तूस आमच्या झऱ्यात तरंगत आलं!

हे ऐकून मी उडालेच. हा तर सरळसरळ प्रयोग होता. मी मामांना आणि नववीच्या मुलांना घेऊन तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेले. परीक्षक होते डॉ. इंगवले, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मामा बोलत असतानाच त्यांनी माईक काढून घेतला.

“आजोबा, हे विज्ञान प्रदर्शन आहे, गावची जत्रा नाही. तूस म्हणे! खडकाचा उतार पश्चिमेला आहे. पाणी कोकणात जातं.”

सभागृह खदाखदा हसलं. मामांनी पटका नीट केला आणि गुमान खाली उतरले. आमचा प्रकल्प बाद झाला. परतताना एसटीत ते एकच वाक्य बोलले, “बाई, मला कशाला न्हेलासा?”

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. महिन्याभरानं कळलं, की सड्यावर जांभ्याची खाण निघणार आहे आणि ‘खाणीचा झऱ्याशी काही संबंध नाही’ असा अहवाल याच इंगवल्यांनी दिलाय. भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. यंदा मी सगळ्यांची मागितली, सगळ्यांना दिली. एक नाव सोडून.

मग त्यांना पत्र धाडलं. ‘घशात रंग ओतून बघणार आहोत. स्वतः साक्षीला या. यायची भीती वाटत असेल तर तसं लेखी कळवा.’

माणूस चिडला आणि आला!

सप्टेंबरचा शेवट होता. गुरुवारी सकाळी सातला धनगरवाड्यातनं आम्ही तिघं निघालो. माझ्या पाठीवर शाळेचा तीस मीटर दोर आणि एक किलो रंगाची पूड. पाण्याचा माग काढायला जगभर वापरतात तोच हा निरुपद्रवी रंग. पूड तांबडी असते, पाण्यात पडली की हिरवीगार चमकते. मामांच्या खांद्यावर घोंगडं, हातात काठी. इंगवल्यांकडं नकाशे आणि जीपीएस. खाली झऱ्यावर मामांच्या बायकोला, विठाबाईला, राखणीला बसवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतला जोतीराम मोटारसायकलनं घाट उतरून कोकणच्या बाजूच्या ओढ्यात कोळशाची पुरचुंडी बांधून आला होता. पाण्यातला रंग कोळसा धरून ठेवतो, डोळ्यांना दिसला नाही तरी. मला ती पुरचुंडी कोरी निघालेली बघायची होती. कोरी, आणि इंगवल्यांच्या नाकासमोर धरलेली!

जंगलात शिरताच जळवा चढल्या. मामांनी माझ्या आणि स्वतःच्या पायांना तंबाखूचं पाणी चोळलं. “असली औषधं मी लावत नाही,” इंगवले म्हणाले. तासाभरात त्यांचे पायमोजे रक्तानं भिजले. मला बरं वाटलं.

माथ्याजवळ धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. इंगवल्यांनी जीपीएस पाहिलं. “सरळ चला. कारवीच्या झुडपांतनं चारशे मीटर.”

“न्हाय,” मामा थांबले. “वळसा घालून जायाचं.”

“का?”

“वास येतोय न्हवं!”

“मला नाही येत,” म्हणत इंगवले कारवीत घुसलेसुद्धा. वीस पावलं. तीस. आणि समोरचं धुकं काळं झालं. गवा! एकटा, अवाढव्य नर, खांद्याला माझ्या डोक्याएवढा उंच. त्यानं फुत्कार सोडला. खूर आपटला.

“पळायचं न्हाय,” मामा दबक्या आवाजात म्हणाले. “हलायचं न्हाय. त्येच्या डोळ्यांत बगायचं न्हाय.”

आम्ही दगड झालो. किती वेळ गेला कोण जाणे! शेवटी गव्यानं मान फिरवली आणि कारवी कडाकड मोडत तो उताराला लागला. इंगवल्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यानंतर ते मामांच्या मागनं चालले.

साडेअकराला आम्ही घशापाशी पोचलो. पांढऱ्या गेंदाच्या आणि निळ्या ‘सीतेच्या आसवां’च्या फुलताटव्यांतनं वळणं घेत ओढा येत होता आणि बैलगाडीएवढ्या एका काळ्या भोकात कोसळत होता. आत डोकावलं की गार वारा तोंडावर यायचा आणि खोलवरनं घुमणारा आवाज ऐकू यायचा. मामांनी हात जोडले. मी पूड ओतली. क्षणात तो प्रवाह पोपटाच्या पंखासारखा हिरवा झाला!

“वेग मोजतो,” म्हणत इंगवले काठाशी वाकले.

“पावणं, ती कड पोकळ हाय! मागं सरा!”

“जांभा आहे हा. जांभा मला कळतो.”

कड तुटली. आणि ते दिसेनासे झाले.

आम्ही पालथं पडून आत बघितलं. पंधरा फूट खाली एका कंगोऱ्यावर ते अडकले होते, घोटा धरून. अंगावर हिरवं पाणी कोसळत होतं. त्याच वेळी वर आभाळ फुटलं. पाऊस असा आला की ओढा बघता बघता दुप्पट झाला आणि घसा तुंबून आतलं पाणी वर चढायला लागलं!

“दोर! दोर टाका!” खालनं किंकाळी आली.

दोर माझ्या हातात होता. आणि मी तो टाकला नाही.

खरं सांगते, मी टाकला नाही. मी ओरडले, “आधी म्हणा! मामांचं तूस म्हणजे विज्ञान आहे, म्हणा!”

“बाई, मी बुडतोय!”

“माईक काढून घेतलात ना? आता म्हणा, मोठ्यानं!”

मामांनी माझं मनगट इतकं आवळलं की कळ डोक्यात गेली. “काय करतासा? माझ्या नावावर मुडदा पाडतासा व्हय? सोडा दोर!”

मी दोर सोडला. इंगवल्यांनी तो काखेतनं बांधला. मामांनी घोंगड्याची घडी काठावर घातली, नाहीतर जांभ्याच्या धारेनं दोर कापला असता.

“शेजारच्या मोठ्या खडकाला बांधा!” खालनं सूचना आली.

“त्यो खडक नुसता टेकलाय. अंजनीला बांधा,” मामा म्हणाले. “तिची मुळं दगडात गेल्यात.” मी अंजनीच्या बुटक्या बुंध्याला दोन वेढे मारले. पण नव्वद किलोचा माणूस आम्ही दोघं ओढणार कसा? तेव्हा मला माझाच नववीचा बलाचा धडा आठवला. ताणलेला दोर मधोमध आडवा खेचला, की थोड्या जोरात मोठं वजन हलतं. मी दोर आडवा खेचला. वीतभर ढील मिळाली. मामांनी ती बुंध्यावर गुंडाळून घेतली. पुन्हा खेच! पुन्हा वीतभर! हाताची सालटं निघाली. पाणी त्यांच्या छातीला लागलं. खेच! गळ्याला लागलं. खेच!

अखेर काठावर हिरवे हात आले, मग हिरवं डोकं आलं. केसांपासून बुटांपर्यंत हिरवागार झालेला तो विद्वान घोंगड्यावर पालथा पडून लहान मुलासारखा रडला. मी मात्र हसले. मामा हसले नाहीत. भरलेल्या ओढ्याकडं बघत ते म्हणाले, “आता तीन दिस लागायचं न्हाईत. ह्यो जोर बगा की. उद्या दिस मावळायच्या आत रंग खाली ईल.”

“उद्याच येईल हे कशावरनं ठरवलंत?” इंगवल्यांनी कण्हत विचारलं. त्यांनी मामांना शिकून घ्यायला म्हणून काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग धनगरवाड्यातल्या पोरांनी त्यांना घोंगड्याच्या झोळीतनं खाली उतरवलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता विठाबाईंची आरोळी शाळेपर्यंत आली, “बाईऽऽ! आलं की वो!” मुलं वर्गाबाहेर धावली. झऱ्याचं पाणी पोपटी झालं होतं!

संध्याकाळी जोतीराम कोकणातली पुरचुंडी घेऊन आला. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. पुरचुंडी रसायनात बुडवली, निळा दिवा लावला. आणि कोळशाभोवती हिरवी चमक उमटली.

तिकडंही गेलं होतं. तो माणूसही खरं बोलत होता!

बेसिन दोन हातांवर होतं. नळ सोडला असता तर काम संपलं असतं. मी भांडं उचललंही होतं.

“तिकडंबी गेलं व्हय?” दारात मामा उभे होते. मी मान हलवली. मला वाटलं, आता यांचा चेहरा पडेल. पण मामा वाकून त्या भांड्याकडं बघत राहिले आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, “आयला! म्हंजी घशाला दोन नरडी हायती! आमच्या आज्ज्याला ह्ये ठावंच नव्हतं!”

त्यांना झालेल्या आनंदात माझ्या सुडाला जागाच उरली नाही. मी भांडं खाली ठेवलं.

पुढच्या आठवड्याच्या ग्रामसभेत दोन्ही निकाल मांडले. सड्याचं पाणी आपल्याकडंही येतं म्हटल्यावर खाणीचा ठराव हात वर करून फेटाळला गेला. पायाला प्लास्टर घातलेल्या इंगवल्यांनी आपला अहवाल चुकल्याचं उभं राहून सांगितलं, मामांची माफी मागितली. मामा म्हणाले, “ऱ्हावू द्या. फुडच्या येळंला इचारून बोला म्हंजी झालं.”

मग इंगवले माझ्याकडं वळले. त्यांनी हात पुढं केला. मी तो घेतला नाही. दोराचा तो क्षण मला रोज आठवतो आणि त्याची लाज वाटते. पण एसटीतले मामाही आठवतात.

“माझ्याकडनं तुम्हाला शिक्षा आहे,” मी म्हणाले. “सोमवारी नववीच्या तासाला यायचं. पाण्याचा धडा मामा आणि मी मिळून शिकवणार आहोत. शेवटच्या बाकावर बसायचं.”

ते आले. काठी टेकत, वही घेऊन आले आणि शेवटच्या बाकावर अवघडून बसले. मामांनी फळ्यावर खडूनं डोंगर काढला, पोटात दोन वाटा काढल्या. खडकांच्या थरांची नावं मी लिहिली. वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मागनं आवाज आला, “पण उन्हाळ्यात कुठली वाट आधी आटते?”

सगळा वर्ग मागं वळला. मामांनी खडू खाली ठेवला.

“पावणं,” ते म्हणाले, “हात वर करून इचारायचं.”

डॉक्टर राजवर्धन इंगवल्यांनी वही बाजूला ठेवली आणि हात वर केला.