आई पुरते

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, म्हणजे इथे दक्षिण आफ्रिकेत दिवसभर उन्हाची. त्या खिडकीत आईने आयुष्यभर एकच कुंडी ठेवली. कुंडी कसली, कान तुटलेला निळा मग, बुडाला खिळ्याने भोक पाडलेला. त्यात वाळू, खडे, आणि खड्यांच्या मधोमध ते झाड. झाड म्हणायचं तेही आपल्या समाधानासाठी. देठ नाही, फांदी नाही. करड्या रंगाची दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक फट. आमच्या केनहार्ट गावच्या माळावर ही झाडं खड्यांत अशी लपतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. आम्ही त्याला मेंढीचा खूर म्हणतो.

शेजारचे ऊम फ्लिप, म्हणजे फ्लिपकाका, रोज सकाळी कॉफीला यायचे आणि रोज तेच विचारायचे, "काय गं कत्रीना, तुझा दगड बोलायला लागला की नाही?"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो. गप्प बसायचं कधी ते त्याला कळतं," आई म्हणायची आणि त्यांच्या पुढ्यात कप आदळायची.

खुराला पाणी घालायला एक वेगळा चमचा होता, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला. एप्रिलमध्ये फूल येऊन जायचं. जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे थंडीने बादलीतलं पाणी गोठतं तेव्हा, फट जराशी रुंदावायची आणि आतून नव्या पानांची जोडी डोकवायची. त्या दिवशी आई चमचा खिळ्यावरून काढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. पाणी बंद. सप्टेंबरपर्यंत जुनी पानं सुरकुतत जातात, आपल्यातलं सगळं पाणी आतल्या जोडीला देतात आणि शेवटी त्यांची कागदासारखी साल उरते. नवखी माणसं इथेच चुकतात. सुरकुत्या पाहून त्यांना दया येते, ती पाणी घालतात. मग जुनी पानं जात नाहीत आणि नवी त्यांच्याखाली खुरटतात.

लहानपणी मीही विचारलं होतं, की त्याला तहान लागली असेल ना?

"नको पाणी. आई पुरते तिला," आतल्या जोडीकडे बोट दाखवून आई म्हणाली होती.

मी मगदा. गावच्या दवाखान्यात चोवीस वर्षं नर्स आहे. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही. सांगायचं कारण एवढंच की मला वजनकाटा, टेप आणि तपासणीचा कागद यांच्यापलीकडे फारसं काही पटत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण शर्लीन घरी आली. ती अठरा वर्षांनी धाकटी, त्यामुळे तिला मीच कडेवर वाढवलं. अपिंग्टन शहरात नवऱ्यासोबत राहते. दोन मुलं पोटातच गेली होती तिची, दोन्ही सहाव्या महिन्यात. आता पाचवा लागला होता. आईने स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं. "यावेळी इथे ये," एवढंच म्हणाली. मला बरं वाटलं. दवाखाना दोन गल्ल्यांवर आणि मी घरात. यावेळी हे मूल मी हातातून जाऊ देणार नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईने चमचा वर ठेवला. त्याच आठवड्यात भांडी घासताना तिची अंगठी बोटातून गळून पडली.

"बोटं वाळली माझी," ती हसून म्हणाली. तिने अंगठीला आतून दोरा गुंडाळला आणि पुन्हा घातली.

मी तिला दर सोमवारी काट्यावर उभी करू लागले. दर सोमवारी ती कमी भरायची. जेवण तर चांगलं होतं, मटणाचा रस्सा पावाने पुसून खायची. मी साखर तपासली, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. अपिंग्टनच्या डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. "त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, सिस्टर," ते जपून म्हणाले. तिच्या दंडावरची कातडी सैल होऊन लोंबायला लागली होती. मला रडू यायचं, पण तिच्यासमोर मी रडले नाही.

शर्लीनचं मात्र छान चाललं होतं. सहावा महिना सुखरूप पार पडला. पोटावर टेप लावला की दर आठवड्याला बोटभर पुढे.

एका दुपारी आई झोपली होती. मी स्वयंपाकघरात उभी होते. खिडकीत खूर, सुरकुतलेला, फटीतून आतली हिरवट जोडी वर येत असलेली. मी त्या सुरकुत्यांकडे पाहिलं आणि मला आईचे दंड दिसले. मी स्टूल ओढलं, फळीवरचा चमचा काढला आणि खुराला एक चमचा पाणी घातलं. का घातलं, मला सांगता येणार नाही. चोवीस वर्षं नर्स असलेली मी, माझं मलाच हसू आलं.

सोमवारी आईचा काटा खाली गेला नाही. पुढच्या सोमवारी थोडा वर चढला. मी रोज दुपारी एक चमचा घालत राहिले. खुराची जुनी पानं पुन्हा टरटरली, फट मिटत आली. आई अंगणात जाऊन ऊम फ्लिपशी भांडून आली. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यात सगळ्यांना केक वाटला.

मग शर्लीनच्या पोटावर टेप लावला. मागच्या आठवड्याइतकंच. माझी चूक असेल म्हणून पुन्हा लावला. तेवढंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यातही तेवढंच. ठोके ऐकू येत होते, पण दमल्यासारखे.

"ताई, हे फारसं हलत नाही गं आज," शर्लीन म्हणाली. हे वाक्य तिने आधी दोनदा म्हटलेलं होतं. तिला ते आठवलं, मलाही.

दुपारी मी चमचा हातात घेऊन खिडकीशी उभी होते, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "तूच घालतेस ना पाणी?"

मी वळले. ती दारात उभी होती, गालांवर तजेला आलेला. रागावलेली नव्हती.

"अगं, झाड आहे ते," मी म्हणाले. "तुझ्या तब्येतीचा आणि त्याचा काय संबंध?"

"मग रोज स्टूल ओढून चमचा का काढतेस?"

ती खुर्चीवर बसली आणि मला शेजारी बसवलं.

"तुझ्या वेळी माझी आई होती," ती म्हणाली. "शर्लीनच्या वेळी तुझे बाबा."

माझी आजी मी जन्मले त्याच आठवड्यात गेली, हे मला ठाऊक होतं. बाबा शर्लीनच्या बारशाला नव्हते. मी तेव्हा अठराची होते, त्यांना गाडीतून स्मशानात नेताना मी सोबत होते.

"आणि तुझ्या आधी एक मुलगी होती, मगदा. त्या वर्षी मलाही आईची दया आली, मी पाणी घातलं."

आईने हे घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू शर्लीनला म्हणून बोलावलंस?"

"तिथे तिला द्यायला कोण होतं?" आई म्हणाली. "दे तो चमचा."

मी दिला नाही. मी तिचा हात धरून मोठमोठ्याने रडले. तिने मला रडू दिलं. बाहेर शर्लीन दोरीवरचे कपडे काढत होती, एका हाताने कंबर धरून. आई तिच्याकडे बघत होती.

मग मी उठले, स्टूल ओढलं आणि चमचा स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवला.

"शहाणी माझी ती," आई म्हणाली.

ऑगस्टभर मी तिला अंघोळ घातली, केस विंचरले, तळव्यांना मेंढीची चरबी चोळली. ती रोज हलकी होत होती. दुखत कुठेच नव्हतं. ऊम फ्लिप यायचे, पण दगडाबद्दल विचारायचे नाहीत. नुसते तिच्या उशाशी बसायचे, कॉफी गार होईपर्यंत.

शर्लीनचा टेप पुढे सरकत होता.

सप्टेंबरच्या सहा तारखेला सकाळी मुलगी झाली. माझ्याच हातांवर झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची.

मी तिला आईकडे नेलं. आईने तिच्या टाळूवर ओठ टेकवले. "भरली," ती म्हणाली.

दुपारी ती गेली.

मी तिला उचललं तेव्हा हातात काहीच आल्यासारखं वाटलं नाही.

संध्याकाळी खिडकी उघडली. वाऱ्याने खुराची साल उडाली. आतली जोडी टवटवीत होती.

बाळाचं नाव कत्रीनाच ठेवलं. शर्लीन तिला घेऊन अपिंग्टनला परत गेली. आईची अंगठी मी घातली. माझ्या बोटाला ती घट्ट बसली, दोरा काढून टाकावा लागला. खूर मी सांभाळते. सगळं आईने शिकवलं तसंच.

या जूनमध्ये फट रुंदावली. मी चष्मा लावून पाहिलं. मग भिंग आणून पाहिलं. या मगमध्ये आजवर एकच जोडी आली आहे. आतून दोन डोकावत होत्या, शेजारी शेजारी.

मी शर्लीनला फोन केला.

"यावेळी इथे ये," मी म्हणाले.

"ताई, मी अजून त्यांनाही सांगितलं नाही. तुला कसं कळलं?"

"जुळी आहेत," मी म्हणाले. "लवकर ये."

चमचा मी वर ठेवून दिला आहे. मला भीती वाटत नाही, खरंच नाही. फक्त एकच काळजी आहे. मी आई नाही, मावशी आहे, आणि ती दोघं आहेत. पुरेन ना मी?

शर्लीन सोमवारी आली. आज सकाळी भांडी घासताना अंगठी गळून पाण्यात पडली. मी ती पुसली, आईच्या डब्यातला दोरा काढला आणि आतून गुंडाळला. आईला लागला होता त्याच्या दुप्पट लागला.