ती उठली की बसेन

जरा सरकून बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या रंगाऱ्याच्या घरात घडलेली आहे, दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात.

मंगळवारी रंगारी जुन्या बाजारात गेला ब्रश आणायला, आणि घेऊन आला खुर्ची. वेताच्या बैठकीची, हात टेकायला रुंद दांडे. बायको आठ महिने अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. तिला फक्त एकदा खिडकीशी बसायचं होतं.

"खुर्चीला व्हिंटेज करा हं, जुन्या वाड्यातल्यासारखी," ती म्हणाली. "राणीसारखी बसेन."

"हुकूम राणीसाहेब!"

तीन दिवस तो खुर्चीशी झटत होता. जुना रंग खरवडला, मोरपंखी थर दिला, त्यावर पांढरा. वाळल्यावर पॉलिश पेपरनं कडा घासल्या, म्हणजे खालचा रंग डोकावतो आणि खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वाटते. दांडे तेवढे उद्यावर ठेवले.

शुक्रवारी सकाळी बघतो तर दांडे घासलेले. दोन्ही. पार लाकडापर्यंत.

'मीच घासले असतील झोपेच्या तारेत,' असं म्हणत त्यानं बायकोला हाक मारली. "चल, बसवतो तुला."

ती खुर्चीकडे बघत राहिली. "आत्ता कसं? ती बसलीये ना."

"कोण?"

"माहीत नाही. ती उठली की बसेन मी. तिनंच सांगितलंय."

औषधाची गुंगी असेल, असं त्यानं मनाला समजावलं. पण खुर्ची उचलून मागच्या शेडमध्ये टाकली आणि बाहेरून कडी घातली.

त्याच रात्री. दोन वाजून दहा मिनिटं. तो तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपलेला.

वेत करकरला... कुणी उठताना करकरतो तसा.

शेडमध्ये नाही. खोलीत.

त्यानं वर हात नेला. गादी रिकामी, गार.

"अगं..."

...

वेत पुन्हा करकरला. आता कुणी बसताना.

त्यानं दिवा लावला. खिडकीशी खुर्ची. खुर्चीत ती. जिला कूस बदलायलाही माणूस लागायचा, ती ताठ बसलेली. डोळे उघडे. श्वास... नाही.

शेडची कडी बाहेरून तशीच होती.

रंगाऱ्यानं खुर्ची जाळली. ब्रशही टाकले. आता कुणाकडे गेला तरी जमिनीवरच बसतो.

त्या रात्री तिला खुर्चीतून उचलताना मी होतो. दांड्यांवरच्या तिच्या मुठी मीच सोडवल्या. तळवे उलटून पाहिले...

पॉलिश पेपरनं घासल्यासारखे गुळगुळीत. त्यांवर एकही रेघ नव्हती.