मिशीवालं बूच

"आई गं! हात नको लावूस!" ताई केवढ्यानं तरी ओरडली.

"रविवारी शर्यत, आणि कान हा असा!" तिचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याचं अंग काडीसारखं आणि डोकं लगेच तडतडणारं, म्हणून सगळे त्याला लवंगी म्हणत.

"सर म्हणतात, पोहत राहिलं की कान आपोआप मोकळा होतो."

"तुझे सर कानाचे डॉक्टर कधी झाले?" सुट्टीला आलेल्या मावसबहिणीनं नाक मुरडलं. तिचं नावच पडलं होतं चौकशी.

सर म्हणजे तलावावरचे प्रशिक्षक. अक्कल बेताची, पण तोरा असा की जणू पाण्याचा शोध यांनीच लावलाय! त्यांच्या बारा मुलांपैकी पाच जणांचे कान ठणकत होते. मोठ्यांच्या वर्गात मात्र एकाचाही नाही.

"तलाव तोच, पाणी तेच. मग वेगळं काय?" चौकशीनं विचारलं.

"बुचं!" लवंगी ओरडला. "सर आम्हाला कानात घालायला रबरी बुचं देतात. रोज नवी कोरी, म्हणे!"

दुसऱ्या दिवशी चौकशी काठावर दबा धरून बसली. पोहणं संपलं. सरांनी सगळी बुचं गोळा केली, तलावाच्याच पाण्यात एकदा बुचकळली आणि ओलीच डब्यात कोंबली. शी! याचं त्याच्या कानात, त्याचं हिच्या कानात! आणि हा माणूस पालकांसमोर स्वच्छतेवर भाषणं ठोकतो!

शुक्रवारी लवंगीनं न पुसणारं पेन आणलं. पोहून झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बारा मुलांनी खी खी करत प्रत्येक बुचावर सरांची झुपकेदार मिशी काढली. सरांनी बुचं न बघताच डब्यात टाकली. बघायचे कष्ट कोण घेतो!

त्याच संध्याकाळी मावशी, म्हणजे चौकशीची आई, आली. ती कानाची डॉक्टर. तिनं ताईचा कान तपासला. "आत सूज आहे. पोहणं बंद!" ताई ढसाढसा रडली.

शनिवारी मावशी तलावावर गेली. पालकही जमलेले होते.

"अहो डॉक्टर, उगाच घाबरवू नका," सर हसले. "माझं बूच घालून खुशाल पोहू दे तिला."

"सर, आईला एक नवं कोरं बूच दाखवा ना!" चौकशी साळसूदपणे म्हणाली.

"एक कशाला? हवं ते घ्या!" सरांनी ऐटीत डबा उघडला.

मावशीनं एक उचललं. मग दुसरं. मग तिसरं.

"काय हो, नव्या बुचांना मिशा फुटतात का?"

पालकांनी सरांना असं फैलावर घेतलं की त्यांची बोबडीच वळली! तलावाच्या व्यवस्थापकांनी डबा कचऱ्यात फेकला आणि सरांना घरी पाठवलं. "ज्याचं त्याचं बूच, रोज धुऊन वाळवलेलं," मावशीनं मुलांना बजावलं. "पोहून झालं की मान कलती करून पाणी काढा, कान बाहेरून पुसा. आत काडी घालायची नाही. दुखलं तर डॉक्टर, सर नव्हे!"

तरी ताईची शर्यत गेली ती गेलीच. एका आळशी माणसापायी! लवंगीला भयंकर राग आला.

"अजून दोन दिवस पोहली असतीस तर फार महागात पडलं असतं," मावशी ताईला म्हणाली आणि तिनं लवंगी-चौकशीच्या पाठी थोपटल्या. "या कार्ट्यांनी तुझा कान वाचवला!"

ताईनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षी जिंकेनच मी. त्यासाठी सुरुवातीची शिट्टी तर ऐकू यायला हवी!"