मागच्याची घंटी

ही घटना खरी आहे.

असं प्रत्येकजण म्हणतो, याची मला कल्पना आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक जे खरं म्हणून सांगतात ते ऐकून घेणं आणि मग सभ्य भाषेत नकार कळवणं, हा माझा व्यवसाय. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. खोटं सांगणारा कधी ओशाळत नाही. मी हे लिहिताना चांगलाच ओशाळलो आहे.

दुसरं म्हणजे, यातलं काहीही मध्यरात्री घडलेलं नाही. कुत्री रडली नाहीत, दिवे गेले नाहीत. जे घडलं ते गेल्या हिवाळ्यात, संध्याकाळी, ऑफिसं सुटण्याच्या सुमाराला, चांगल्या डांबरी रस्त्यावर. आमच्या शहरातून तलावाकडे रस्ता जातो, त्याच्या लांब चढावर.

त्या चढावर मी अजूनही जातो.

ते शेवटी सांगतो.

माझा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर होता. आम्हा दोघांकडे साध्या सायकली. बिनगिअरच्या. घेताना दुकानदाराने गिअरवाल्या पुढे केल्या, तेव्हा दादा म्हणाला, "गिअर मांडीत असतात, दुकानात नाही." दुकानदाराने आमच्या दोघांच्या मांड्यांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

दर हिवाळ्यात आम्ही तलावापर्यंत जायचो. एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. दादा याला मोहीम म्हणायचा. वहिनी याला पळून जाणं म्हणायच्या.

बिनगिअरच्या सायकलवर चढ चढताना मागे वळून बघायचं नसतं. वळलं की वेग मोडतो, वेग मोडला की उतरावं लागतं, आणि उतरलं की उरलेला चढ पायी. म्हणून दादाने नियम केला होता. मी पुढे. तो मागे, कारण त्याचा गुडघा. पुढच्याने माथ्यावर जाऊन थांबायचं. मागचा शेवटच्या वळणावर आला की एकदा घंटी वाजवणार.

ट्रिंग.

म्हणजे, आलो, नीघ पुढे.

घंटी वाजेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. मागे बघायचंही नाही.

"पण माथ्यावर पोचल्यावर मागे बघितलं तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं होतं.

"धापा टाकणारा डेंटिस्ट कोणी बघू नये. धंद्यावर परिणाम होतो."

दादा गेला तो दवाखान्यात. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, पेशंटच्याच खुर्चीत. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणाला आणि स्वतः तोंड मिटून गेला.

हे वाक्य मी त्याच दिवशी घरी जमलेल्या नातेवाइकांना ऐकवलं. कोणी हसलं नाही. मी रडलोही नाही. बायको म्हणाली, "धक्का बसलाय तुला. उतरेल."

उतरला नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, तेव्हा आपलाच गाल दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. तसा मी सगळाच झालो. चहा गरम आहे हे कळायचं. जीभ पोळल्याचं कळायचं नाही.

असे काही महिने गेले. मग पुतण्याचा फोन आला. दादाचा एकुलता एक मुलगा. परदेशात असतो.

"काका, आईला रोज संध्याकाळी बाबांची घंटी ऐकू येते."

"कसली घंटी?"

"सायकलची. पॅसेजमध्ये उभी आहे ना, ती. आपोआप वाजते म्हणे. काल फोनवर बोलता बोलता म्हणाली, थांब हं, बाबा आले, चहा टाकते."

"टाकू दे की. चहाच आहे."

"आणि गॅस चालू राहिला म्हणजे? मी इथे तिच्यासाठी एक जागा बघून ठेवलीय. डॉक्टर आहेत, नर्स आहेत. बाग पण आहे."

ज्या जागेची बाग मुद्दाम सांगावी लागते, तिथल्या खिडक्यांना गज असतात. हे मला कामामुळे माहीत आहे.

"तिला घर सोडायचं नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही एकदा जाऊन बघा. तुम्ही म्हणालात की ती बरी आहे, तर मी हा विषय परत काढणार नाही. तुमचा शब्द शेवटचा."

वहिनींचं घर माझ्या एका शब्दावर आलं.

मी गेलो तेव्हा त्या पॅसेजमध्ये सायकल पुसत होत्या. मऊ फडक्याने, एकेक तार.

"या भाऊजी. वेळेवर आलात."

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. उजेड कमी होत गेला. शेजारचा टीव्ही, लिफ्टचं दार, वरच्यांच्या खुर्चीचा आवाज. वहिनी कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी हात वर केला...

"वाजली."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"तुम्हाला नाही आली ऐकू?"

"नाही."

"येईल कशी! आली असती तर तुम्ही निघाला नसतात का पुढे?" त्या हसल्या आणि चहा टाकायला उठल्या. गॅस त्यांनी आठवणीने बंद केला. मी मुद्दाम बघितलं.

दावा नामंजूर करण्यासारखाच होता. पण शंका असेल तर वस्तू आणि माणूस वेगळे करून बघायचे, अशी आमची पद्धत आहे. सायकल दोन दिवस घराबाहेर न्यायची. तरीही वहिनींना घंटी ऐकू आली, तर ती त्यांच्या डोक्यात. नाही ऐकू आली तर...

तर काय, याचा मी विचारच केला नव्हता.

"वहिनी, दादाची सायकल दोन दिवस चालवून आणू का? तलावापर्यंत. उभी राहून टायर बसतायत."

त्यांनी फडक्याची घडी घातली. "परत आणाल ना?"

"सायकल ना? आणेन की."

"हो, सायकल," त्या म्हणाल्या.

निघायच्या आधी मी पान्हा घेऊन हँडलवरची घंटी काढली. पायमोज्यात घातली, वर गाठ मारली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. तपासणी करायची तर नीट करावी.

दादाची सीट माझ्या सीटपेक्षा उंच होती. ती मी खाली केली नाही. का, ते विचारू नका.

सकाळचा रस्ता चांगला होता. मला काही वाटत नव्हतं, त्यामुळे वाराही लागत नव्हता. दुपारनंतर पहिला चढ आला. छोटासाच. सीटवरून उठून पेडल मारत वर पोचलो आणि थांबलो.

थांबायचं काही कारण नव्हतं. मागे कोणी नव्हतं. पायांना सवय, ते थांबले.

मी उभा राहिलो. समोर बघत.

आणि मग, खालच्या वळणावरून...

ट्रिंग.

एकदाच.

अशा वेळी माणसाने काय करावं? किंचाळावं, पळावं, निदान वळून बघावं. मी पेडलवर पाय ठेवला आणि पुढे निघालो.

नियमच तसा होता.

पुढे उतार होता. उतारावर पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करतं. माझं करत होतं. मी सहज पेडल मारायला लागलो. माझी टिकटिक बंद झाली.

टिकटिक चालूच राहिली...

माझ्या मागे, जरा डावीकडे. दादा नेहमी जरा डावीकडेच असायचा.

लॉजवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मॅनेजर नवा होता, आम्हाला ओळखणारा जुना सोडून गेला होता. जेवलो आणि झोपलो. झोप चांगली लागली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

सकाळी मॅनेजर चहा घेऊन आला आणि दारातच घुटमळला.

"साहेब, राग मानू नका, पण एक सांगू का?"

"सांगा."

"ती घंटी खोलीत वाजवत जाऊ नका. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे हो. काल ते तीनदा उठलं. आई माझ्या नावाने खडे फोडतेय."

"कुठली घंटी?"

"सायकलची! आता कुठली म्हणजे काय." त्याने माझ्याकडे समजुतीने पाहिलं. "असतो एखाद्याला छंद. आमच्याकडे तबला घेऊन येणारे पण आहेत."

तो गेल्यावर मी पिशवी उपसली. पायमोज्याची गाठ होती तशी होती. मोजा हलवून पाहिला. आत खट् वाजलं. दगड हलावा तसं.

मॅनेजरचा दादाशी संबंध नव्हता, वहिनींशी नव्हता. याला आमच्याकडे स्वतंत्र साक्षीदार म्हणतात. याच्यापुढे दावा नाकारता येत नाही.

मला भीती वाटायला हवी होती.

मी दोन टोस्ट खाल्ले.

परतताना पंक्चर झालं. त्यात दुपार गेली. लांब चढाच्या पायथ्याशी आलो तेव्हा उजेड पिवळा पडला होता. हा चढ तलावाकडून येतानाच लागतो. वर पाण्याची टाकी आहे आणि रस्त्याच्या कडेला सिमेंटचा कठडा. दादाचा गुडघा नेहमी याच चढावर बोलायला लागायचा.

मी चढायला लागलो. मागून चेनचा आवाज येत होता. कर्र... कर्र... कोणीतरी सीटवरून उठून, सगळं वजन टाकून पेडल मारत होतं. चढावर टिकटिक नसते. चढावर फक्त चेन बोलते.

वळून बघितलं नाही. वेग मोडला असता.

वर पोचलो. कठड्याला एक पाय टेकवून थांबलो.

खाली चेन वाजत होती. सावकाश.

कर्र...

मग बराच वेळ काही नाही.

कर्र...

आणि मग थांबली.

मी घंटीची वाट बघत राहिलो. टाकीवरचे पक्षी उडून गेले. एक ट्रक गेला, त्याने दिवे लावलेले होते. दादाच्या सायकलला दिवा नव्हता. हात थंड पडले, म्हणजे पडले असावेत. ब्रेक धरला होता, पण धरल्याचं कळत नव्हतं.

"ए दादा," मी म्हटलं. समोर बघतच. "चल की. उशीर होतोय."

काही नाही.

धाप नाही, चेन नाही, पाऊल नाही. मागचा रस्ता इतका रिकामा होता की तो पाठीला जाणवत होता.

शेवटी रस्त्याची कड दिसेनाशी झाली. तेव्हा मी निघालो.

घंटी वाजली नव्हती.

उतारावर टिकटिक ऐकली. एकच होती.

सायकल वहिनींच्या पॅसेजमध्ये लावली, घंटी परत बसवली, आणि विचारलं, "दोन दिवसांत ऐकू आली?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

मी तिथूनच पुतण्याला फोन लावला. म्हटलं, "तुझी आई ठणठणीत आहे. माझ्याइतकी." त्याने सुस्कारा सोडला. म्हणाला, "तुमचा शब्द आहे म्हणजे विषय संपला, काका." मी घरी गेलो. वहिनींचं घर वाचवलं होतं. त्याचं समाधान वाटायला हवं होतं, असं वाटलं.

आठवडा झाला असेल. वहिनींनी बोलावून घेतलं. त्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. सायकलसमोर.

"भाऊजी, घंटी वाजत नाही."

"आता नाहीच वाजणार. छान झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेशंटने दाखवलेला दात सोडून शेजारचा काढणाऱ्या डॉक्टरकडे बघावं, तसं.

"मी कधी म्हटलं होतं, बंद करा म्हणून?"

मी सायकलचा स्टँड पायाने नीट केला.

"कुठे सोडलंत त्यांना?"

मी सांगितलं. चढ, टाकी, कठडा. घंटी वाजायच्या आधी निघालो, तेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"अंधार झाला होता, वहिनी."

"हो, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचा गुडघा दुखतो, बाकी काही नाही."

त्याच महिन्यात त्या मुलाकडे निघून गेल्या. आपणहून. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, मी एका शब्दाने बोललो नाही. तीच म्हणाली, इथे आता कोणाची वाट बघू." घराला कुलूप लागलं. सायकल मला दिली. त्या जागेची बाग खरंच चांगली आहे, असं ऐकतो.

सुटीच्या दिवशी मी सायकल घेऊन लांब चढावर जातो. माथ्यावर, कठड्याला पाय टेकवून उभा राहतो. समोर बघत. बायकोला वाटतं मी व्यायाम करतो.

मी अजून रडलेलो नाही. कोणी विचारतं म्हणून सांगितलं.

परवा एक बाई सायकलवरून वर आल्या. हेल्मेट, गिअरवाली सायकल. पाणी प्यायला थांबल्या.

"कोणाची वाट बघताय का?"

"भाऊ मागे आहे," मी म्हटलं. असंच. काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो, भेटले ना," त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "खालच्या वळणावर आहेत. पायी येतायत बिचारे, सायकल ढकलत. दम लागलाय."

त्या निघून गेल्या.

दादाची सायकल माझ्या मांड्यांमध्ये होती. घंटी हँडलवर, माझ्या अंगठ्याखाली.

मी वळून बघितलं नाही.

अंधार पडला, तरी थांबलो. बायकोचे फोन येत राहिले. या वेळी सायकलला दिवा लावून नेला होता, त्यामुळे घाई नव्हती.

वाजली नाही...

येत्या सुटीला परत जाणार आहे.