वीस मिनिटांची नजर

"मॅडम, काच जरा खाली घ्या…"

आदल्या रात्री मावशीच्या सत्तरीला मी व्हिस्कीला नाही म्हटलं नव्हतं. पण आता सकाळचे नऊ वाजले होते, झोपही झाली होती. मागच्या सीटवर ड्रायर, रोलर्सचा डबा. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन केस सेट करून द्यायचे, हाच माझा धंदा. आणि शनिवारी तर सगळ्यांनाच घाई, रविवारी चर्चमध्ये मिरवायचं असतं ना! पोलिसानं दारू तपासायची नळी पुढे केली. मी फुंकलं. लाल दिवा लागला.

ठाण्यात मोठं यंत्र होतं. त्यात फुंकण्याआधी वीस मिनिटं पोलिसानं समोर बसून सलग नजर ठेवायची, तोंडात काही जाऊ नये म्हणून. तो खुर्ची ओढून बसला. नाव फीक्रा, आयर्लंडच्या आमच्या केरी परगण्यात नुकताच रुजू झालेला गार्ड, म्हणजे इथला पोलीस. इतका वेळ माझ्याकडे टक लावून कुणी म्हणून पाहिलं नव्हतं!

"असं काय बघताय, गार्डसाहेब?"

"नियम आहे."

"आणि नियम नसता तर?"

"तर… इतकं उघड बघितलं नसतं."

त्याचे कान लाल झाले. मी हसले, आणि हसता हसताच लायसन्स आठवलं. या बाजूला बसही येत नाही. लायसन्स गेलं तर मी खाणार काय? रडू आवरेना. तो उठला, माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला.

"रडून घ्या. मी पाऊस बघतोय," तो हळूच म्हणाला.

मग मी फुंकलं, आणि आकडा मर्यादेच्या वरच आला.

माझे वकील हार्टनेट ऐकून खूश. "दोन मिनिटं पाठ फिरवली? मग चाचणीच रद्द, रिओना! त्याला कोर्टात सोलूनच काढतो."

"त्याचं काय होईल?"

"नोकरी अजून पक्की नाही म्हणतात. त्याचं तो बघेल."

कोर्टात फीक्रा साक्षीला उभा राहिला. हार्टनेटनी विचारलं, "वीस मिनिटं तुमची नजर एकदाही हटली नाही?"

फीक्रानं माझ्याकडे पाहिलं. कान लाल… हा खोटं बोलणार नाही, मला कळलं. ज्यानं माझी लाज राखली, त्याचीच मी चारचौघांत लाज काढायची? आणि प्यायले तर मी होतेच.

मी उभी राहिले. "जज्जसाहेब, मला गुन्हा कबूल आहे."

हार्टनेटनी कपाळाला हात लावला. सहा महिने लायसन्स गेलं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि पुन्हा रडले; या वेळी पाठ फिरवायला कुणी नव्हतं.

शनिवारी नऊला दारात हॉर्न वाजला. फीक्रा! गणवेश नव्हता.

"पहिली म्हातारी कुठली?"

"गार्डसाहेब, ड्यूटी?"

"शनिवारची सुट्टी मागून घेतलीय. सहा महिने."

मी रोलर्सचा डबा घेऊन बसले. त्यानं गाडी रस्त्याला लावली.

"त्या दिवशी का उठलात? मी खरं सांगणार होतो."

"म्हणूनच उठले."

"रिओना… मला तुम्ही आवडता. त्या खिडकीपाशीच कळलं होतं," असं म्हणून तो माझ्याकडे बघतच राहिला.

"समोर बघा! गाडी चालवताय."

त्यानं घाईनं समोर पाहिलं. कान लाल. पहिलं घर वीस मिनिटांवर होतं, आणि आता बघायची पाळी माझी होती.