डबीवरचं लाल बटण

हे खरं घडलेलं आहे. पटलं नाही तर वाचू नका, मला राग येणार नाही. फक्त थट्टा करू नका, कारण यात माझा सख्खा भाऊ आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

गुरुवार होता. सव्वातीन वाजले होते. माझ्या कामाच्या टेबलावर खिडकीतून ऊन आलं होतं आणि खाली कोणीतरी गाडी नीट लावण्यावरून तावातावाने भांडत होतं.

माझं काम म्हणजे व्हायोलिन, चेलो अशा गजाने वाजणाऱ्या वाद्यांना पिकअप बसवायचे. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिच्या पायाशी बटणाएवढी चपटी चकती बसवतो. तिची तार एका छोट्या डबीत जाते आणि डबीतून स्पीकरला. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून हा सगळा खटाटोप.

माईक हवेतलं ऐकतो. पिकअप लाकडातलं ऐकतो.

म्हणून त्याला नको तेही ऐकू येतं. वाजवणाऱ्याची हनुवटी लाकडावर टेकलेली असते ना, मग त्याचं आवंढा गिळणं, दात खाणं, श्वास... सगळं हाडातून लाकडात उतरतं.

माझा दादा व्हायोलिन वाजवायचा. प्रत्येक ओळीआधी नाकाने दोन छोटे श्वास घ्यायचा, मग एक लांब. लहानपणापासूनची खोड. पिकअप लावल्यावर ती सगळ्या हॉलला कळली.

"अरे, वाजवतोयस की धावतोयस?" मी त्याला चिडवायचो.

"तू तुझ्या चकतीला सांग, माझ्या नाकाकडे लक्ष देऊ नको म्हणून," तो म्हणायचा.

शेवटी मी त्याच्या डबीत एक चाळणी बसवली. लाल बटण दाबलं की बारीक दिवा लागायचा आणि श्वासाचा आवाज तेवढा गाळला जायचा. मला फार अभिमान होता त्या बटणाचा.

पुढे त्या लांब श्वासाच्या शेवटी एक शिटी येऊ लागली. अगदी बारीक. दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

मी काय केलं असेल? पिकअप बदलला. केबल बदलली. सोल्डर पुन्हा केलं. शिटी जाईना, तेव्हा चाळणीचा स्क्रू थोडा फिरवला. महिन्याभराने शिटी वाढली, मी स्क्रू आणखी फिरवला. असे आठ महिने गेले. दर वेळी दादाला म्हणायचो, "झाली बघ गप्प."

वाद्यात दोष नव्हताच. दोष दादाच्या छातीत होता.

तो जिना चढताना थांबू लागला, तेव्हा कुठे आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "सहा-आठ महिने आधी का नाही आणलंत? श्वासात काही आवाज वगैरे जाणवला नाही का कुणाला?"

जाणवला होता. मला एकट्यालाच.

वहिनींना हे मी तेव्हा सांगितलं नाही. दादा गेला त्या दिवशीही नाही.

तर तो गुरुवार. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. वहिनी आणि माझी पुतणी व्हायोलिन घेऊन आल्या. पुतणी चौदा वर्षांची, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. रविवारी तिचा पहिला कार्यक्रम होता आणि ती बाबाच्याच व्हायोलिनवर वाजवणार म्हणून हटून बसली होती.

आता मात्र ती व्हायोलिनच्या पेटीला हात लावायला तयार नव्हती.

"भाऊजी, तुम्हीच बघा काय ते," वहिनी म्हणाल्या. "परवापासून हिचं काहीतरी भलतंच चाललंय."

चिमणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मी वाजवायच्या आधी ते श्वास घेतं."

"अगं, तो तुझाच श्वास. पिकअप तो पकडतो."

"मी तेव्हा श्वास धरून ठेवला होता."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. दोघींना मी खालच्या दुकानात चहा प्यायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

व्हायोलिन टेबलावर फडक्यावर ठेवलं. डबी जोडली, हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. वाद्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

सुरुवातीला नुसती नेहमीची बारीक खरखर होती.

मग...

दोन छोटे श्वास.

एक लांब.

आणि शेवटी ती शिटी.

हात आपलं काम करत होते, वीस वर्षांची सवय. मी डबीतली बॅटरी काढली. आता आवाज येणं शक्यच नव्हतं.

दोन छोटे. एक लांब. शिटी.

केबल उपटली. केबलचं टोक माझ्या हातात लोंबत होतं.

दोन छोटे. एक लांब...

"दादा?" मी म्हणालो.

श्वास थांबला. कोणीतरी ऐकण्यासाठी थांबावं तसा.

त्या क्षणी मी माफी मागायला हवी होती. वर्षभर तेवढंच मनात होतं. पण मी घाबरलो. सख्ख्या भावाला घाबरलो. घाईघाईने बॅटरी घातली, केबल जोडली आणि लाल बटण दाबलं.

दिवा लागला. सगळं शांत झालं.

मी तिथेच बसून रडलो. दोघी वर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "तार जरा सैल होती," मी म्हणालो. "आता काही यायचं नाही. फक्त हे बटण दाबलेलं राहू द्या."

दुसऱ्यांदा तीच चूक केली. पण ते मला रविवारी कळलं.

रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम होता. हॉल लहान, पण भरलेला. मी मागे, हॉलचा आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरपाशी हेडफोन लावून बसलो होतो. वहिनी तिसऱ्या रांगेत. चिमणी एकटीच उभी, डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली, तिच्यावरचा लाल दिवा मला लांबून दिसत होता.

पहिली रचना छान झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गोड हसली, अगदी दादासारखी.

दुसरी सुरू करायला तिने गज उचलला.

आणि लाल दिवा विझला.

तिचे दोन्ही हात वाद्यावर होते. मी स्वतः बघत होतो.

दोन छोटे श्वास. एक लांब. शिटी.

हा आवाज आता हॉलभर जात होता. पुढच्या एकदोघांनी माना वळवल्या. वहिनी जागेवरच ताठ झाल्या. त्यांनी ओळखला होता, त्यांच्या उशाशी तो अठरा वर्षं होता.

माझा हात मिक्सरच्या बटणाकडे गेला. मी तिथूनही तो आवाज गाळू शकत होतो. एका सेकंदाचं काम.

बोट बटणावर टेकलं होतं...

नाही दाबलं. का, ते सांगता येत नाही. मनात म्हणालो, दादा, या वेळी ऐकतो. बोल.

चिमणी वाजवत राहिली. ओळ संपली. पुढच्या ओळीआधी पुन्हा श्वास आला. पण या वेळी दादाचा श्वास हळू होता. त्याच्या पुढच्या ओळीला आणखी हळू. मग आलाच नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाने बाजूला होऊन आत बघू द्यावं, तसा तो बाजूला झाला.

आणि त्याच्यामागे मला दुसरा श्वास ऐकू आला.

लहान, भरभर. चिमणीचा.

त्याच्या शेवटी बारीक शिटी होती.

ती शिटी मी आठ महिने स्क्रू फिरवून फिरवून दाबली होती. कान फसणं शक्यच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी चिमणीला आणि वहिनींना त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वहिनींना वाटेत सगळं सांगितलं. आठ महिन्यांचं, स्क्रूचं, सगळं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला. "वडिलांचंच दुखणं आहे," ते म्हणाले. "पण अगदी सुरुवात आहे. या टप्प्यावर औषधाने आवरतं. तुम्हाला कळलं तरी कसं?"

मी वहिनींकडे पाहिलं.

"हिच्या बाबाने सांगितलं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं, त्या जुन्या आजाराबद्दल बोलत आहेत.

याला आता सात महिने झाले. चिमणी बरी आहे. वहिनी माझ्याशी बोलतात, चहाही करून देतात. पण पूर्वीसारखं नाही, आणि ते व्हावं असं मागायचा मला हक्कही नाही.

त्या व्हायोलिनमधून पुन्हा काही आलं नाही. दर गुरुवारी दुपारी चिमणी ते माझ्याकडे ठेवून क्लासला जाते. मी दार लावतो, डबी जोडतो, हेडफोन लावतो. म्हणतो, "दादा, चुकलं रे माझं."

मग वाट बघतो. नुसती खरखर येते.

तो मुलीसाठी आला होता, हे मला समजतं. तरी एकदा माझ्यासाठी यायला काय हरकत होती?

एवढ्यावर मी हे लिहिलंही नसतं. पण परवाचा गुरुवार...

मी लाल बटण बंद असल्याची खात्री केली. हल्ली चारचारदा करतो. सव्वातीनला नेहमीचं वाक्य म्हणालो आणि डोळे मिटून बसलो. हेडफोनमध्ये खरखर चालू होती.

मग कोणीतरी एक छोटा श्वास घेतला.

दुसरा घेतला.

मी लांब श्वासाची वाट बघू लागलो. तो आलाच नाही. एकदम सगळंच शांत झालं, खरखरसुद्धा थांबली.

डोळे उघडले. खोलीत मी एकटा होतो. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

डबीवरचा लाल दिवा लागलेला होता.